आप्त कोण? क्वेबेकच्या पुलाची गोष्ट



मोठे काम फसले की चौकशी होते, आणि चौकशीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "ज्याला माहीत होतं, त्याला कोणी विचारलंच नाही." धरण असो, रॉकेट असो, नाहीतर शहरातला एखादा उड्डाणपूल. चार खाती, दहा कंत्राटदार, शेकडो इंजिनिअर. कोणाला काय येते याचा एकमेकांना पत्ता नसतो. मग उपाय सुचवले जातात. तज्ज्ञांची यादी करा, कोणत्या प्रश्नाला कोणाकडे जायचे ते लिहून ठेवा, दर आठवड्याला सगळ्यांनी एकत्र बसा. हे उपाय चुकीचे आहेत असे कोणी म्हणणार नाही.

पण आज आपण अशा एका कामाची गोष्ट पाहणार आहोत, जिथे ही अडचण नव्हतीच. जाणकार कोण, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. त्याचे नाव ठाऊक होते, न्यूयॉर्कमधला पत्ता ठाऊक होता, त्याच्या दाराशी तार पोचत होती. आणि तरीही 29 ऑगस्ट 1907 या दिवशी संध्याकाळी काम सुटायच्या सुमाराला पूल पडला आणि 75 माणसे गेली. म्हणजे जाणकाराचा पत्ता माहीत असणे पुरेसे नाही. मग आणखी काय लागते? हा आजचा प्रश्न. आपण तत्त्वज्ञानाच्या बाजूने आलेली माणसे, म्हणून वाटेत न्यायदर्शनाचा थोडा आधार घेऊ. पण आधी पूल.

कॅनडात सेंट लॉरेन्स नावाची प्रचंड नदी आहे. हिवाळ्यात ती गोठते, बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहतात, भरती-ओहोटीचा ओढ असतो. क्वेबेक शहराजवळ या नदीवर रेल्वेचा पूल हवा, ही मागणी जुनी. त्यासाठी 1887 साली क्वेबेक ब्रिज कंपनी स्थापन झाली. पैसे नव्हते, म्हणून बारा-तेरा वर्षे नुसती चर्चा. अखेर 1900 साली काम सुरू झाले. पूल कँटिलिव्हर पद्धतीचा. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर हावड्याचा पूल याच जातीचा. दोन्ही काठांवरून दोन हात पुढे येतात आणि मध्ये एक तुकडा बसवून ते जोडले जातात.

ही रचना समजायला एक सोपे चित्र आहे. स्कॉटलंडमधला फोर्थचा पूल बांधला जात होता, तेव्हा बेंजामिन बेकर या इंजिनिअरने 1887 साली लोकांसमोर ते माणसे बसवूनच दाखवले. दोन माणसे खुर्च्यांवर बसली, हात दोन्हीकडे पसरले, प्रत्येक हाताखाली खुर्चीपासून तिरकी काठी लावली, आणि मधल्या फळीवर काइची वातानाबे हा जपानी इंजिनिअर बसला. त्याच्या वजनाने हात ताणले जातात आणि काठ्या दाबल्या जातात. ही दाबली जाणारी काठी लक्षात ठेवा. पुलाच्या भाषेत ती खालची कॉर्ड. आपली सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

ताणल्या जाणाऱ्या वस्तूचे वागणे सरळ असते. फार ताणली की तुटते. दाबल्या जाणाऱ्या वस्तूचे तसे नाही. वेताची छडी जमिनीवर टेकवून वरून दाबा. काही वेळ काहीच होत नाही, मग ती अचानक बाजूला वाकते, आणि एकदा वाकली की थोड्याशा जोरानेही वाकतच जाते. क्वेबेकच्या पुलाच्या कॉर्ड म्हणजे पोलादी पत्र्यांच्या चार उभ्या भिंती, आणि त्यांना एकत्र धरायला जाळीसारख्या तिरक्या पट्ट्या. भिंती भक्कम होत्या. जाळी नाजूक होती. एवढ्या मोठ्या दाबाखाली असा जोडलेला दांडा कसा वागतो, हे त्या काळी कोणालाच नीट माहीत नव्हते. तपासून पाहायला हवे होते. पुरेसे तपासले गेले नाही.

आता माणसांकडे येऊ. जाणकार होते थिओडोर कूपर, कंपनीचे सल्लागार इंजिनिअर. जन्म 1839 चा. सेंट लुईसला मिसिसिपी नदीवर जो नावाजलेला पूल झाला, त्यावर त्यांनी तरुणपणी काम केलेले. अमेरिकेतल्या पुलांच्या इंजिनिअरांत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांची प्रकृती बरी नसायची, प्रवास झेपत नसे, आणि मानधन इतके कमी की हाताखाली पुरेशी माणसे ठेवता येत नसत. ते न्यूयॉर्कमध्ये राहून काम पाहत. पुलाचा लोखंडी सांगाडा उभा राहत होता, तेव्हा त्यांनी एकदाही जागेवर पाऊल ठेवले नाही.

बांधणारी कंपनी फिनिक्स ब्रिज कंपनी, गाव फिनिक्सव्हिल, अमेरिकेतले पेनसिल्व्हेनिया राज्य. तिचे मुख्य इंजिनिअर जॉन डीन्स. आराखड्याचे गणित करणारे पीटर श्लाप्का. जागेवर या कंपनीतर्फे आर्थर बर्क्स. क्वेबेक कंपनीचे मुख्य इंजिनिअर एडवर्ड होर; हुद्दा मोठा, पण एवढ्या पुलाचा अनुभव नाही. आणि कूपरांचे जागेवरचे डोळे म्हणजे नॉर्मन मॅक्लुअर. हा कॉलेजातून बाहेर पडून थोडीच वर्षे झालेला तरुण. म्हणजे बघा, दोन देश, तीन ठिकाणे, तीन कचेऱ्या. जाणकार एका गावात, गणित दुसऱ्या गावात, पोलाद तिसऱ्या गावात.

1900 साली कूपरांनी सुचवले की मधला गाळा 1600 फुटांऐवजी 1800 फूट करावा. कारणे योग्य होती. खांब उथळ पाण्यात येतील, बर्फाचा त्रास कमी होईल, काम लवकर होईल. आणि हेही खरे, की फोर्थचा गाळा होता 1710 फुटांचा. 1800 फूट म्हणजे जगात पहिला क्रमांक. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, हे शाळकरी मुलालाही कळेल. पण त्या वेळी वजनाचा हिशोब नव्याने केला गेला नाही. श्लाप्कांनी जुना अंदाज धरून पुढचे गणित केले, आणि कूपरांनी ते मान्य केले.

एकदा मात्र दार उघडले होते. 1903 साली कॅनडा सरकारच्या रेल्वे खात्यातले पुलांचे इंजिनिअर रॉबर्ट डग्लस यांनी कूपरांचे नियम पाहिले आणि शंका काढली, की पोलादावर धरलेला ताण जास्त आहे. खात्याने ठरवले, एक वेगळा तज्ज्ञ नेमून तपासून घ्यावे. कूपरांनी जोरदार हरकत घेतली. असे झाले तर आपण कोणाच्या तरी हाताखालचे ठरू, हे आपल्याला चालणार नाही, असा त्यांचा सूर होता. ते ओटावाला जाऊन अधिकाऱ्यांना भेटले. शेवटी सरकारची मंजुरी कागदावर राहिली आणि अंतिम शब्द कूपरांचाच झाला. दुसऱ्या डोळ्यांनी पाहण्याची व्यवस्था तिथेच संपली.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. आमच्या वयाच्या माणसाला हा प्रसंग वाचताना जरा अवघडल्यासारखे होते. चाळीस वर्षे एका विषयात घालवल्यावर कोणी तरुण माणूस येऊन म्हणाला, "तुमचं एकदा तपासून बघू या", तर आपल्याला काय वाटेल? कूपर गर्विष्ठ होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहिले तर दिसते, की नावलौकिक ही चीज माणसाला शंकेपासून दूर नेते, आणि तेही इतक्या हळूहळू, की त्याला स्वतःला कळत नाही. आजूबाजूच्यांनीही ते सोयीचे मानले. कूपरांनी पाहिले आहे ना, मग आपण कशाला पाहायचे?

फेब्रुवारी 1906 मध्ये वजनाचा खरा आकडा कूपरांसमोर आला. अंदाज होता 6 कोटी 20 लाख पौंडांचा. प्रत्यक्षात पोलाद भरत होते 7 कोटी 30 लाख पौंड. तोवर बरेचसे भाग तयार झाले होते, काही उभेही राहिले होते. आता मागे फिरायचे म्हणजे सगळे मोडून पुन्हा करायचे. कूपरांनी हिशोब केला, ताण सात ते दहा टक्के वाढतो, तेवढे सोसेल असे ठरवले, आणि काम चालू ठेवले. फक्त ही एक चूक असती तर पूल पडला असता की नाही, कोण जाणे. पण नाजूक जाळी, जादा ताण आणि कमी धरलेले वजन, तिन्ही गोष्टी एकाच कॉर्डवर येऊन बसल्या.

आणि मग पोलाद बोलू लागले. 1907 च्या उन्हाळ्यात जोडायच्या टोकांत रिवेटची भोके जुळेनात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॅक्लुअरने कूपरांना कळवले, की खालच्या दोन कॉर्ड वाकलेल्या दिसतात. कूपरांनी विचारले, हे झाले कसे? पुढचे तीन आठवडे याच प्रश्नावर पत्रे जात-येत राहिली. फिनिक्सचे लोक म्हणत, कॉर्ड कारखान्यातूनच तशा आल्या असणार. मॅक्लुअर म्हणत होता, नाही, बसवल्या तेव्हा सरळ होत्या. कूपरांना कोणतेच स्पष्टीकरण पटत नव्हते. पण न पटणे वेगळे आणि काम थांबवणे वेगळे.

27 ऑगस्टला मॅक्लुअरने आणखी एक कॉर्ड मोजली. क्रमांक नऊ-एल, दक्षिणेकडच्या भागात. आठवड्यापूर्वी तिचा बाक होता पाऊण इंच. आता सव्वादोन इंच. ही जाडजूड पोलादी रचना, आणि तिने आठवड्यात दीड इंच अंग चोरले होते! मघाची वेताची छडी आठवा.

आता त्या दोन दिवसांत काय झाले ते सावकाश पाहू. 27 तारखेला मुकादमाने ठरवले, काम थांबवावे. दुसऱ्या दिवशी त्याने विचार बदलला आणि काम पुन्हा चालू झाले. होर यांनी त्याला संमती दिली. थांबलो तर कामगारांच्या मनावर वाईट परिणाम होईल, ही काळजी. बर्क्स म्हणत राहिले, बाक जुनाच आहे. कूपरांना तार करायची कोणाला सुचली नाही, किंवा सुचली तरी करवली नाही. ठरले काय, तर मॅक्लुअरने स्वतः न्यूयॉर्कला जाऊन समजावून सांगावे. तो 28 तारखेला निघाला.

29 तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास तो कूपरांसमोर बसला. कूपरांनी आकडे पाहिले आणि त्यांना लगेच कळले. पहिल्यांदाच, पाहिलेले आणि समजलेले एका खोलीत आले होते. दुपारी त्यांनी तार केली, की सगळा विचार होईपर्यंत पुलावर आणखी वजन चढवू नका. पण तार गेली फिनिक्सव्हिलला. क्वेबेकला नाही. मॅक्लुअरही फिनिक्सव्हिलच्या गाडीत बसला. तिथे दुपारी डीन्स यांनी तार वाचली. संध्याकाळी मॅक्लुअर पोचल्यावर थोडे बोलणे झाले आणि ठरले, सकाळी बसून निर्णय घेऊ.

त्याच सुमाराला क्वेबेकमध्ये दक्षिणेकडचा सगळा सांगाडा, सुमारे 19,000 टन पोलाद, पंधरा सेकंदांत नदीत कोसळला. पुलावर 86 माणसे होती. अकरा वाचली. काही जण लोखंडात अडकून जिवंत होते. रात्री भरती चढत गेली आणि काठावरच्या लोकांसमोर ते बुडाले. मेलेल्यांत बर्क्स होते आणि तो मुकादमही होता. बाक जुना आहे म्हणणारे बर्क्स मनापासून तसे मानत होते; नाहीतर ते पुलावर उभे राहिले नसते.

मेलेल्या 75 जणांपैकी 33 जण काहनवाके या मोहॉक लोकांच्या वस्तीतले होते. उंच लोखंडावर काम करणारे म्हणून त्यांची ख्याती, आणि 1880 च्या दशकापासून ते या धंद्यात. एका वस्तीतून एका दिवसात 33 पुरुष गेले. त्यांच्या कबरींवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे केले गेले. त्यानंतर तिथल्या बायकांनी सांगितले, की पुन्हा सगळे पुरुष एका कामावर जायचे नाहीत, वेगवेगळ्या कामांवर विभागून जायचे, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. कोणत्याही चौकशी आयोगाआधी त्या बायकांना एक गोष्ट कळली होती. सगळा भार एका जागी ठेवायचा नसतो.

आता न्यायदर्शनाकडे येऊ. ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, गौतमाने चार सांगितली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणीतरी सांगितलेले. आपले बहुतेक ज्ञान याच मार्गाने येते. मोठ्या कामात तर जवळजवळ सगळेच. पण कोणाचा शब्द धरायचा? तर आप्ताचा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, प्रसिद्ध माणूसही नव्हे. न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन याची व्याख्या फार काटेकोर करतो. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखीच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे मत आहे, लक्षात घ्या. आम्ही वर्गात शिकवताना या शेवटच्या भागावरून भरभर पुढे जात असू. क्वेबेकची गोष्ट वाचल्यावर कळले, तिथेच थांबायला हवे होते.

ही कसोटी त्या माणसांना लावून पाहू. कूपर हे पोलादी पुलांच्या शास्त्रात आप्त, यात शंका नाही. पण नऊ-एल या कॉर्डच्या बाबतीत? त्यांनी ती पाहिलीच नव्हती. त्या एका प्रश्नापुरता आप्त होता मॅक्लुअर. त्याने सुतळी लावून मोजले होते असे समजा किंवा पट्टीने, पण मोजले होते, आणि त्याला ते जसे आहे तसे सांगायचे होते. बर्क्स यांनीही पाहिले होते. पण त्यांनी प्रत्यक्षाला अनुमानाने हरवले. गणित म्हणते, हा दांडा वाकू शकत नाही. म्हणून तो आता वाकलेला नाही. म्हणून तो आधीच वाकलेला असणार. तर्क बिनचूक, फक्त डोळ्यांसमोरचे नाकारणारा. आणि त्या गणितामागे उभे होते कूपरांचे नाव. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. क्वेबेकमध्ये कांकण हातात होते आणि आरसा शोधायला माणूस आगगाडीने न्यूयॉर्कला पाठवला.

पण इथे एक सावधगिरी. या गोष्टीचा सोपा बोध काढायचा मोह होतो, की जागेवरच्या साध्या माणसाचे ऐका, मोठ्या तज्ज्ञाचे ऐकू नका. तो बोध खोटा आहे. मॅक्लुअरला बाक दिसला, पण त्या बाकाचा अर्थ खात्रीने सांगता येईल एवढा त्याचा अनुभव नव्हता. अर्थ कळायला कूपरच हवे होते, आणि खरोखर, आकडे समोर येताच त्यांना तो कळला. म्हणजे दोघेही अपुरे. ज्याने पाहिले त्याला पुरते समजत नव्हते. ज्याला समजत होते त्याने पाहिले नव्हते. आणि ज्यांच्या हातात थांबवण्याची सत्ता होती, त्या होर, डीन्स आणि मुकादमाला यातले काहीच पुरेसे नव्हते.

पाहणे, समजणे आणि थांबवणे. एका माणसात या तीन गोष्टी असतील तेव्हा काम सोपे असते. गावातला गवंडी भिंत पाहतो, कलली आहे हे त्याला समजते, आणि तो थापी खाली ठेवतो. काम मोठे झाले की या तीन गोष्टी तीन ठिकाणी जातात. जाणारच, त्याला इलाज नाही. मग ज्ञान कोणाकडे आहे, हा प्रश्न अर्धाच उरतो. उरलेला अर्धा प्रश्न असा, की पाहणाऱ्यापासून समजणाऱ्यापर्यंत आणि समजणाऱ्यापासून थांबवणाऱ्यापर्यंत गोष्ट पोचायला किती वेळ लागतो? क्वेबेकमध्ये पहिल्या टप्प्याला दोन दिवस लागले. दुसरा टप्पा पुरा झालाच नाही. तारयंत्र तेव्हाही होते. अंतर मैलांचे नव्हते, रीतीचे होते.

सरकारने तीन जणांचा चौकशी आयोग नेमला. हेन्री होलगेट, जॉन केरी आणि टोरोंटो विद्यापीठातले जॉन गॅलब्रेथ. 1908 च्या अहवालात त्यांनी श्लाप्का आणि कूपर यांच्या निर्णयातल्या चुका नावानिशी सांगितल्या. खालच्या कॉर्डचा आराखडा सदोष, धरलेला ताण जास्त, धरलेले वजन कमी. पण त्याहून आपल्या कामाची त्यांची दुसरी नोंद आहे. जगातला सर्वांत मोठा पूल उभा राहत होता आणि तो पेचप्रसंग हाताळण्याइतका अनुभव, ज्ञान आणि कुवत असलेला एकही माणूस हाकेच्या अंतरावर नव्हता, असा तिचा आशय आहे. तिसरी गोष्ट त्यांनी मोकळेपणी कबूल केली, की अशा दाबल्या जाणाऱ्या दांड्यांविषयी सगळ्या व्यवसायाचेच ज्ञान तोकडे होते. म्हणजे जिथे कोणीच खरा आप्त नव्हता, तिथे सगळ्यांनी मिळून एकाला आप्त मानले होते.

पुढे सरकारने काम स्वतःकडे घेतले. एका माणसाऐवजी इंजिनिअरांचे मंडळ नेमले. कॉर्डच्या प्रतिकृती करून दाबून, मोडून पाहिल्या. नवा पूल पहिल्यापेक्षा सुमारे अडीचपट जड झाला. गोष्ट इथे संपती तर बरे होते. 11 सप्टेंबर 1916 ला मधला तयार गाळा उचलून बसवताना, त्याला तोललेला आधाराचा एक ओतीव भाग तुटला, गाळा नदीत गेला आणि आणखी 13 माणसे गेली. म्हणजे मंडळ नेमले की सुटलो असे नाही. मंडळाचे लक्ष मोठ्या कॉर्डवर असते, आणि घात एका लहानशा ओतकामाने होतो. सप्टेंबर 1917 मध्ये दुसरा गाळा बसला. तो पूल आजही उभा आहे, आणि कँटिलिव्हर पुलांत त्याच्याएवढा गाळा आजही जगात कुठे नाही. ऑगस्ट 1919 मध्ये इंग्लंडच्या युवराजाने त्याचे औपचारिक उद्घाटन केले. त्यानंतर दोनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये कूपर वारले.

कॅनडातल्या इंजिनिअरांच्या करंगळीत एक साधे लोखंडी कडे असते. पदवी घेताना शपथविधी होतो आणि तेव्हा ते घालतात. पहिला विधी 1925 चा. शपथेचा मजकूर लिहून दिला रुडयार्ड किपलिंग यांनी. हे किपलिंग आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेले. पहिली कडी पडलेल्या पुलाच्या लोखंडाची होती, असे लोक सांगतात. ते खरे नाही. पण लोकांना तसे वाटावे, यात अर्थ आहे. कडे त्या हाताच्या करंगळीत घालतात, ज्या हाताने इंजिनिअर लिहितो. नकाशावर सही करताना ते कागदाला घासते.

व्याख्यानानंतर एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवतो. "सर, मग कूपर दोषी की नाहीत?" दोषी आहेत. 1903 साली त्यांनी दुसऱ्याला तपासू दिले नाही, आणि शेवटच्या दिवशी तार जिथे करायला हवी होती तिथे केली नाही. पण त्यांना दोषी ठरवून आपण घरी गेलो, तर आपणही तीच चूक करतो. सगळे ज्ञान एका माणसात आहे असे मानणे आणि सगळा दोष एका माणसात आहे असे मानणे, दोन्हींत इतर सगळे मोकळे सुटतात.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मोठ्या कामांत आहात. रस्ते, मेट्रो, कारखाने, सॉफ्टवेअर. तुमच्याकडे तज्ज्ञांची यादी असेल तर ती जपा. पण एखाद्या दिवशी, काही बिघडलेले नसताना, स्वतःला तीन गोष्टी विचारा. आज इथे काही वाकले, तर ते पहिल्यांदा कोणाला दिसेल? त्याचा अर्थ कोणाला कळेल? आणि त्या दोघांचे बोलणे होऊन काम थांबायला किती तास लागतील? आणि आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या मंडळींनी चौथी गोष्ट विचारावी. आपले नाव पुढे आले म्हणून कोणी मोजायचे थांबले आहे का? तसे असेल तर आपणच त्याला म्हणावे, "बाळा, माझं राहू दे. तू काय पाहिलंस ते सांग."

आज इथेच थांबू.